ऑक्टोनॉट्स बघून मुलीने मासे खाणं सोडलं, मालिका बंद करू का?

सोनचाफा_फोंडा

विषय वाचून हसाल, पण आमच्या घरात यावरून धुसफूस चालली आहे म्हणून इथे टाकते.

आमची बाय पाच वर्षांची. ‘ऑक्टोनॉट्स’ ही कार्टून मालिका तिच्या डोक्यात पार बसली आहे. ज्यांच्या घरी लहान मूल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आठ जण मिळून समुद्रात ऑक्टोपॉड नावाच्या तळावर राहतात. कॅप्टन बार्नकल्स हे पांढरं अस्वल, क्वाझी नावाचं समुद्री चाचा मांजर, पेसो हा पेंग्विन डॉक्टर, ट्वीक ही सशीण यंत्रं दुरुस्त करते, शेलिंग्टन हा शास्त्रज्ञ, डॅशी ही कुत्री फोटो काढते, म्हातारे प्रोफेसर इंकलिंग हे ऑक्टोपस, आणि ट्यूनिप म्हणजे अर्धा भाजी, अर्धा प्राणी. कुठल्या तरी जलचराला काही तरी होतं, भोंगा वाजतो, हे सगळे पाणबुडीत बसून जातात आणि त्याला सोडवतात. अकराएक मिनिटांचा भाग, शेवटी त्या प्राण्याची माहिती देणारं गाणं. हिंसा नाही, आरडाओरडा नाही, म्हणून मी निर्धास्त होते. स्वयंपाक होईपर्यंत दोन भाग, असा आमचा करार.

झालं असं की मागच्या आठवड्यात नवऱ्याने मोरी आणली. सासूबाई मोरीचं सुकं असं करतात की शेजारच्यांना वासावरूनच कळतं. बाय ताटावर बसली आणि विचारलं, हे काय? नवरा म्हणाला, मोरी. मोरी म्हणजे काय? तर हा भला माणूस सरळ म्हणाला, शार्क.

बस्स. हात मागे. डोळ्यांत पाणी. तिच्या लेखी शार्क म्हणजे ज्याला पेसो पट्टी बांधतो तो. नवऱ्याने सावरायला म्हटलं, “अगो, हा ऑक्टोनॉट्समधला नव्हे, मडगावच्या बाजारातला.” त्यावर ती म्हणाली, “मग मडगावच्या शार्कला कोण वाचवणार?”

त्या दिवसापासून मोरीच काय, बांगडा नाही, सुंगटं नाही, तिसऱ्या नाहीत. हुमणाची कढी भातावर घातली तरी वास घेऊन विचारते, यात कोण होतं? ‘काय होतं’ नव्हे, ‘कोण होतं’! सकाळी नुस्तेवाला (मासेवाला) स्कूटरवरून भोंगा वाजवत आला की ही दारात उभी राहून त्याच्या टोपलीकडे अशी बघते की तो बिचारा ओशाळतो.

सासूबाईंचा तर जीव वर-खाली. त्यांच्या मते नुस्तं खाल्लं नाही तर मूल वाढणार कसं. एकदा शेजारी बसून त्यांनी अख्खा भाग बघितला आणि म्हणाल्या, “माजर आनी नुस्तें खायना? खंयचें गो हें माजर?” मला हसू आवरेना. पण बायने त्यांनाही गप्प केलं. म्हणाली, “आजी, तू सोमवारी खात नाहीस ना? मी रोज सोमवार करते.” यावर आजीकडे उत्तर नाही. श्रावणात महिनाभर आमच्याकडे मासे शिजत नाहीत, ते ती बघत आलीच आहे.

तर दोन प्रश्न. एक, मालिका काही दिवस बंद करावी का? दुसरा, ही मालिका जे सांगते ते खरं असतं का? कारण ती येता-जाता आम्हाला शिकवते. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हे तिने सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी मला विचारलं, आणि मी म्हटलं, बघून सांगते.

---

डिचोलीचा_भाऊ

मोबाईल काढून घ्या. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी बांगडा खाईल. हल्ली मुलांना विचारून स्वयंपाक करतात हेच मला नवल. आमच्या घरी सहा भावंडं, ताटात पडेल ते खायचं, आणि मधला तुकडा वडिलांचा.

---

चोडणचा_मास्तर

सोनचाफाताई, तीन हृदयं खरी. दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, एक बाकीच्या शरीराला पुरवतं. सासूबाईंना बिनधास्त सांगा.

मी विज्ञान शिकवून निवृत्त झालो. नातू सुट्टीत चोडणला, आमच्या मांडवीतल्या बेटावर, येतो तेव्हा त्याच्याबरोबर ही मालिका भरपूर पाहिली आहे, आणि माझं मत स्पष्ट आहे: बंद करू नका. भाऊंचा उपाय चालेलही, पण मुलीने इतक्या लक्षपूर्वक काही बघितलं त्याची शिक्षा म्हणून मोबाईल गेला, एवढंच तिच्या ध्यानात राहील.

मालिकेचं मूळ पुस्तकांत आहे. विकी वाँग आणि मायकल मर्फी ही जोडी ‘मिओमी’ या नावाने चित्रं काढते, त्यांचं पहिलं ऑक्टोनॉट्सचं पुस्तक २००६ चं. बीबीसीच्या लहान मुलांच्या वाहिनीवर मालिका २०१० मध्ये आली, ॲनिमेशन डब्लिनच्या स्टुडिओचं. २०२१ पासून हेच लोक जमिनीवरही जायला लागले आहेत, पण मला ते तितकंसं रुचलं नाही. पाण्यातच बरे होते. माहितीच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे काम चोख आहे. प्राणी बोलतात एवढं सोडलं तर जो प्राणी दाखवतात तो खरा असतो आणि त्याची खोड खरी असते. पहिल्याच भागात व्हेल शार्क आहे. प्रोफेसर इंकलिंग हे डम्बो ऑक्टोपस आहेत, ही जात हजारो मीटर खोल, काळोखात राहते. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये इतका आडवाटेचा प्राणी घ्यायचं कुणाला सुचलं असेल, मला कौतुक वाटतं.

आता खाण्याचं. त्या तळावर सगळे काय खातात ते आठवा. समुद्री शेवाळाचे केक! ट्यूनिप आणि त्याची मंडळी भाजून देतात. तुमच्या सासूबाईंची शंका शास्त्रशुद्ध आहे. पांढरं अस्वल जगतं सीलवर. पेंग्विन खातो मासे आणि क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारके जीव. शेलिंग्टन आहे समुद्री पाणमांजर, ते पाठीवर तरंगत छातीवर दगड ठेवून शिंपले फोडतं, आणि दिवसाला स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं खातं. ऑक्टोपस खेकडे सोडत नाही. त्या पाणबुडीत खराखुरा शाकाहारी कोण असेल तर ती ट्वीक, सशीण. बाकी सगळ्यांना लेखकांनी उपासाला बसवलंय, कारण ज्याला वाचवायचं त्यालाच रात्री जेवायचं असं दाखवणार कसं? शिवाय पांढरं अस्वल उत्तर टोकाचं, पेंग्विन दक्षिणेकडचा, यांची भेट प्राणिसंग्रहालयाबाहेर व्हायची नाही. मी नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, म्हणूनच पाणबुडी लागते. असो.

पण शेवटचं गाणं नीट ऐका. अमुक प्राणी तमुक खातो हे त्यात बऱ्याचदा असतं. एक प्राणी दुसऱ्याला खातो हे मालिका लपवत नाही. माणूसही खातो, एवढं जोडणं बाकी होतं, ते तुमच्या मुलीने स्वतः केलं. पाच वर्षांच्या वयाला हे थोडं नव्हे. म्हणून एकच विनंती, तिला खोटं सांगू नका. ‘हा वेगळा मासा, त्याला दुखत नाही’ वगैरे. आज ना उद्या कळेल, आणि मग तुमच्या दुसऱ्या गोष्टींवरही ती विश्वास ठेवणार नाही.

त्यापेक्षा असं करा. बांगडा आणाल तेव्हा एक अख्खा बाजूला ठेवा. खायला नव्हे, बघायला. कल्ल्यावरचं झाकण हलकेच उचला. लाल कल्ल्यांच्या आतल्या अंगाला पिसासारखी दाट, लांब रांग दिसेल. तोंड उघडलं तर समोरूनही दिसते. बांगडा तोंड उघडं ठेवून पोहतो, पाणी या रांगेतून गाळून बाहेर जातं आणि पाण्यातले बारीक जीव, ज्यांना प्लवंग म्हणतात, ते आत अडकतात. व्हेल शार्कही, एवढा दहा-बारा मीटरचा देह, पाणी गाळूनच पोट भरतो. तिने ज्याला पडद्यावर पाहिलं त्याची युक्ती तुमच्या मोरीवर, म्हणजे न्हाणीतल्या धुण्याच्या मोरीवर, तिला हातात धरून बघता येईल. तारलीतही असंच काहीसं दिसतं, पण बांगड्यात जास्त ठळक.

आणि खाण्यातल्या मोरीबद्दल मात्र मी मुलीच्या बाजूने आहे. बांगडा, तारली लवकर वाढतात, अंडी हजारोंच्या हिशेबात घालतात. शार्कचं तसं नाही. वयात यायला वर्षं लागतात, पिल्लं मोजकी. व्हेल शार्कला तर आपल्याकडे २००१ पासून वाघासारखं कायद्याचं संरक्षण आहे. बाजारात हातभर लांबीच्या मोऱ्या दिसतात त्यांतली कितीतरी पिल्लंच असतात. सासूबाईंची पाककृती मोरीऐवजी दुसऱ्या घट्ट माशावर चालते का ते त्यांनाच विचारा.

जमलं तर तिला एकदा चोडणला आणा. शेलिंग्टनचे भाऊबंद आमच्याकडे राहतात. समुद्री नव्हे, खाडीतले पाणमांजर. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधावर, मानशीच्या (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या) आसपास त्यांचे पाय चिखलात उमटलेले असतात, आणि बांधावर त्यांची विष्ठा सापडते, तिच्यात माशांची खवलं आणि खेकड्यांच्या कवचाचे तुकडे चमकतात. आमच्याकडे ज्यांनी मानशीवर जाळं लावायचा लिलाव घेतलेला असतो ते या जनावराला शिव्या घालतात, कारण ते जाळ्यातलं फस्त करतं. प्राणी दिसेलच असं नाही, पहाटे नशीब लागतं. पण पावलांचे ठसे बघून मुलं वेडी होतात. रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पण दाखवा, मासा कुठून येतो ते कळेल.

---

सोनचाफा_फोंडा

मास्तर, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार.

बांगड्याचा प्रयोग काल केला. सासूबाई आधी नाराज होत्या, मास्तर लोकांना कामधंदा नाही म्हणाल्या. (माफ करा, पण म्हणाल्या.) पण मी झाकण उचलायला गेले तर मला ते धड जमेना. तेव्हा त्यांनीच विळी बाजूला ठेवून माझ्या हातातून बांगडा घेतला आणि एका बोटात कल्ला उघडून दाखवला. बायने नवऱ्याच्या मोबाईलचा टॉर्च लावून आत पाहिलं. मग तोंडातून पाणी ओतून बघितलं, कुठून बाहेर येतं ते. मग सासूबाईंना चेवच आला. गाबोळी कुठे असते, पोटातली पिशवी कशाने फुगते, खवलं कुठल्या दिशेला लागतात, सगळं त्यांनी दाखवलं. आयुष्यभर मासे कापणाऱ्या बाईला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं!

जेवायला विचारलं तर नाही म्हणाली. सोलकढी-भात खाल्ला. पण यावेळी रडली नाही, आणि आमच्या ताटांकडे बघून तोंडही फिरवलं नाही. सासूबाई म्हणतात ही सुरुवात आहे. कशाची सुरुवात ते मला अजून कळलेलं नाही.

---

रांपणकाराचा_पोर

मास्तरांच्या बहुतेक गोष्टी पटल्या, एक सोडून. ताई, मुलीला रांपण ओढताना नका आणू. निदान पहिल्या खेपेला नको. जाळं किनाऱ्याला लागतं तेव्हा हजारो मासे एकदम वाळूवर तडफडत असतात. आम्ही त्यातच वाढलो, आम्हाला काही वाटत नाही. पण जी मुलगी ‘यात कोण होतं’ विचारते तिला ते बघून झोप लागायची नाही. त्यापेक्षा जाळी विणताना, शिवताना आणा. दुपारच्या वेळी माडाखाली माणसं बसलेली असतात, गप्पा चालतात, मुलांना सुई-दोरा हातात देतात.

मी पेडण्याकडचा, किनाऱ्यावरचा. आमच्याकडे आता कासवांचे दिवस आहेत. मोरजी, मांद्रे या बाजूला, आणि दक्षिणेत आगोंद, गालजीबागला ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि पुन्हा समुद्रात जाते. पिल्लांचं तोंड बघायलाही थांबत नाही. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. हे तुमच्या मुलीला सांगा, मालिकेत आलं नसेल तर ती खूश होईल. वन खातं अंड्यांना कुंपण घालतं, राखण करतं. गावातली माणसंच राखणीला असतात.

सांगायचं हे की ज्या घरात रोज नुस्तं शिजतं त्याच घरातली माणसं रात्री कासवाची अंडी राखतात. माझ्या बाबाच्या जाळ्यात एकदा मोठं कासव आलं. पुढचा पाय दोऱ्यात असा गुंतला होता की मांसात रुतलेला. बाबाने सुरी काढली आणि जाळं कापलं. नवीन जाळं होतं, पैसे अजून फेडत होतो. आई घरी आल्यावर त्याला काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. कासव पाण्यात सोडलं तर दोन हात पुढे गेलं आणि थांबलं, बाबाला वाटलं मेलं, मग एकदम खाली गेलं. त्याच दिवशी उरलेल्या जाळ्यातले बांगडे आम्ही विकले आणि खाल्लेही. त्यात बाबाला काही विसंगत वाटलं नाही, मलाही वाटत नाही.

वाचवायचंच म्हणाल तर भांडण मासे खाणाऱ्याशी नव्हे, कसे पकडतात त्याच्याशी आहे. गोव्यात १९७० च्या दशकात माथानी साल्ढाणांनी रांपणकारांना एकत्र आणून ट्रॉलरविरुद्ध आंदोलन केलं ते याचसाठी. त्यानंतर मासेमारीचा कायदा आला, किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात ट्रॉलरला मनाई झाली. कागदावर आहे. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तीही कागदावर आहे, आणि रात्री समुद्राकडे बघितलं तर आमच्या ओसरीवरून उजेड दिसतो. दिव्याला मोठं-लहान सगळंच येतं. मग बाजारात बोटाएवढे बांगडे दिसतात. ते घेऊ नका, एवढं तरी करा. आणि जून-जुलैला, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोटी बंद असतात, मासळीच्या विणीचा तो काळ. त्या दिवसांत बाहेरून बर्फातली मासळी आणून खाण्यापेक्षा खाडीतलं, नदीतलं जे मिळेल ते खावं, नाहीतर सुकं. सुकी सुंगटं आणि खोबरं घालून किसमूर (कोरडी कोशिंबीर) केला तर ताटाला दुसरं काही नको.

डॉल्फिन बघायला बोटीने नेणार असाल तर विचार करून. काही बोटवाले त्यांच्या मागे लागतात, चारी बाजूंनी घेरतात. तुमची बाय बोटीतच भोंगा वाजवेल.

---

आहार_म्हापसा

मी आहारतज्ज्ञ आहे, थोडं आजींसाठी. मासे बंद झाले म्हणून वाढ थांबत नाही. या वयाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. अंडं खात असेल तर प्रश्नच नाही. नाहीतर दूध-दही, मूग, मसूर, आळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक (ते बहुतेक मुलं आवडीने खातात), शेंगदाण्याची चटणी. बी-१२ कडे लक्ष ठेवा, दूध-दही पण सोडलं तर डॉक्टरांना विचारा. जबरदस्तीने भरवू नका. घशात काटा अडकून मासे कायमचे सुटलेली मुलं मी जास्त पाहिली आहेत, कार्टूनमुळे सुटलेली ही पहिलीच.

---

डिचोलीचा_भाऊ

अंडं कसं खाते मग? त्यातही कोणीतरी होतंच की.

---

सोनचाफा_फोंडा

भाऊ, कृपा करून हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका. अंडं अजून चालू आहे.

रांपणकार दादा, तुमच्या बाबांची गोष्ट तिला रात्री सांगितली. पहिला प्रश्न, कासवाचा पाय बरा झाला का? दुसरा, बाबांना नवीन जाळं कोणी दिलं? दुसऱ्याचं उत्तर मला पण हवं आहे.

आमचं असं ठरलं आहे की मालिका चालू राहील, मोरी आमच्या घरात येणार नाही, आणि बाकीचं आम्ही खाऊ, तिने खावं की नाही ते ती बघेल. सासूबाई मोरीला कबूल झाल्या याचं मला जास्त आश्चर्य. त्यांचं म्हणणं, हल्ली चांगली मोरी मिळतच नाही, सगळी चिल्लीपिल्ली असतात, तिखट वाया जातं. म्हणजे कारण वेगळं, निर्णय तोच.

मास्तर, येत्या रविवारी चोडणला यायचा बेत आहे. सासूबाई पण येणार. केव्हा यावं?

---

रांपणकाराचा_पोर

जाळं आजोबांचं जुनं होतं ते शिवून वापरलं, नवीन पुढच्या हंगामात घेतलं. आईने तिच्या भिशीतले पैसे दिले. पायाचं माहीत नाही. खोटं सांगायचं नाही असं मास्तरांनी वर लिहिलंय म्हणून सांगतो, खरंच माहीत नाही.

---

चोडणचा_मास्तर

रायबंदरहून फेरीने या. वेळ मात्र भरती-ओहोटी बघून ठरवा, वर्तमानपत्रात दिलेली असते. अभयारण्यात होडीने फिरायचं तर भरती लागते, नाहीतर होडी चिखलात बसते. पण मुलीला जे दाखवायचं ते ओहोटीला दिसतं. खारफुटीच्या मुळांपाशी चिखल उघडा पडला की निवटी बाहेर येतात. मासाच, पण पाण्याबाहेर पुढच्या परांवर सरपटतो, उड्या मारतो, डोळे डोक्यावर. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले बारके खेकडेही तेव्हाच. ते नांगी हलवून मादीला बोलावतात, मुलांना वाटतं आपल्यालाच हात करतायत. पाणमांजरासाठी सूर्योदयाच्या आधी बांधावर असावं लागेल. पाच वर्षांच्या मुलीला त्या वेळी उठवणं तुम्हाला झेपणार असेल तर कळवा, मी मानशीवाल्याला विचारून ठेवतो, हल्ली कुठे ठसे दिसतात ते त्यालाच ठाऊक.

बूट नकोत, चिखलात रुतून बसतात. जुन्या चपला आणि बदलायला एक जोडी कपडे. सासूबाईंना बांध चढायला त्रास होत असेल तर आमच्या ओसरीवर बसतील, माझी बायको त्यांच्याच वयाची आहे. जेवायला आमच्याकडेच. तुम्हा मोठ्यांना शेवटो या माशाचं हुमण आणि मुलीला आळसांद्यांचं तोंडाक, म्हणजे म्हापशाच्या ताईही खूश.